भिंतीएवढा बुडबुडा

जर्नलवाले एखाद्या संशोधनाचा छापलेला पेपर मागे घेतात म्हणजे नक्की काय करतात, हे सासूबाईंना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली होती. त्यांना वाटायचं, चुकीचं छापलंय म्हटल्यावर ते पान फाडून टाकत असतील, जाळत असतील, निदान कुठल्या कपाटात तरी कोंबत असतील. तसं काही नसतं. पेपर आहे तिथेच राहतो. शीर्षक तेच, लेखकांची नावं तीच, आकडे आणि फोटो सगळे जागच्या जागी. फक्त प्रत्येक पानावर आडवा, तांबडा, ढळढळीत शिक्का मारतात: मागे घेतला. शेजारी एक सूचना असते. का घेतला, काय खोटं निघालं, कुठल्या लेखकाला हे मान्य आहे आणि कुठल्या नाही. ज्याला वाचायचं त्यानं यावं आणि वाचावं. किती दिवस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, जन्मभर.

त्यावर सासूबाई म्हणाल्या की त्यापेक्षा फाडलेलं परवडलं. अगदी बरोबर. म्हणून तर मला तो शिक्का हवा होता. सरांच्या पेपरवर, सरांच्या डोळ्यांदेखत, आणि त्या सूचनेत माझं नाव. बाकी मला देवाकडे काही मागायचं नव्हतं.

सर म्हणजे माझे पीएचडीचे गाईड. यकृताच्या एका औषधावर त्यांचा पेपर आहे, आणि त्या एका पेपरवर त्यांचं उखळ पांढरं झालं. पदं मिळाली, मान मिळाला, जिकडेतिकडे बोलावणी. त्या पेपरसाठी उंदरांची यकृतं मी कापली, मी रंगवली, मायक्रोस्कोपला डोळे लावून मान मोडेपर्यंत मी बसले, फोटो मी काढले. पेपर छापून आला तेव्हा त्यावर नावं दोनच: सरांचं आणि माझ्या होणाऱ्या नवऱ्याचं. माझं नाव शेवटी बारीक अक्षरात जे आभार असतात त्यातसुद्धा नव्हतं. तिथे लॅबची वायरिंग दुरुस्त करणाऱ्या माणसाचे आभार होते. खोटं नाही सांगत.

कारण काय, तर मी म्हटलं होतं की औषधानं काही होत नाहीये. आजारी उंदराला औषध द्या नाहीतर नळाचं पाणी द्या, यकृत तसंच सुजलेलं राहतंय. मी फोटो दाखवले. सर म्हणाले, औषधात दोष नाही, तुझ्या स्लाइड वाईट आहेत. त्यांच्या लेखी मी बुडबुडीच होते. काचपट्टीवर वरची पातळ काच तिरकी धरून हळूच सोडावी लागते, नाहीतर आत हवा अडकते आणि फोटोत काळ्या कडेचा एक गोल दिसतो. माझ्या हातून असा एखादा राहून जायचा. सरांना टोपणनावं ठेवायची भारी हौस, तेव्हापासून मी सगळ्या विभागात बुडबुडी. पाहुणे आले तरी तीच ओळख. आणि ज्याच्याशी मी पुढे लग्न केलं तो कारागीर, कारण त्याचा हात साफ होता. आलेख, तक्ते, फोटोंची मांडणी, पेपरमध्ये जे जे म्हणून देखणं असायचं ते सगळं त्याच्या हातचं.

पेपर बघितला त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लॅब सोडली, पीएचडी सोडली, आणि एका रोगनिदान केंद्रात नोकरी धरली. तिथे आजही मी दिवसभर माणसांच्या स्लाइड बघते. कारागीर मात्र माझ्या मागे मागे येत राहिला. म्हणाला, मी तुझ्या नावासाठी भांडलो गं, पण सर काही केल्या ऐकेनात. बोलताना डोळ्यांत पाणीबिणी आलं होतं. मी विरघळले. बाई हुशार असली म्हणजे सगळीकडेच हुशार असते असं कुठंय? लग्न झालं. तो सरांच्याच हाताखाली राहिला, वर चढत गेला, आणि सर निवृत्त झाले की विभागप्रमुख तोच होणार हे उघड होतं. घरात सरांचा विषय निघाला की मी भांडी आपटायची आणि तो वर्तमानपत्र वाचायचा. आमचा संसार असा चालला होता, आणि वाईट चालला होता असंही नाही.

मग सरांच्या निवृत्तीचा समारंभ ठरला.

विभागानं ठरवलं की सभागृहाच्या लांबच लांब भिंतीवर सरांच्या गाजलेल्या पेपरमधले फोटो मोठे करून लावायचे. सरांचीच कल्पना, दुसऱ्या कुणाला सुचणार? आणि त्यांना दम कुठला, समारंभाला सात-आठ महिने असतानाच फोटो लागलेसुद्धा. कारागीर ती मांडणी बघायला निघाला, तेव्हा सासूबाईंचं औषध आणायला मीही बाहेर पडले होते, म्हणून वाटेत त्याच्याबरोबर आत शिरले. तो दाराशी फोनवर बोलत उभा राहिला आणि मी भिंतीपाशी गेले.

पेपरमध्ये हे फोटो अंगठ्याच्या नखाएवढे छापले होते. इथे एकेक फोटो दरवाजाएवढा. पहिला: निरोगी उंदराचं यकृत. वर उजव्या कोपऱ्यात ताटाएवढा, काळ्या कडेचा गोल. मी त्याला बघताक्षणी ओळखलं. त्याच्या एका बाजूला चिमटा घेतल्यासारखी खोच होती. तो फोटो काढला त्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझी अशी शोभा केली होती की तो बुडबुडा मी मेले तरी विसरणार नाही. मला हसू आलं. म्हटलं, बाई गं, तू पोचलीस की भिंतीवर.

पुढचा फोटो आजारी उंदराचा. त्याच्या पुढचा, औषध घेऊन खडखडीत बरा झालेल्या उंदराचा. छान, एकसारख्या पेशी, सूज नाही, काही नाही. आणि वर डाव्या कोपऱ्यात ताटाएवढा, काळ्या कडेचा गोल. खोच तीच, फक्त दुसऱ्या बाजूला.

मी मागे गेले, पुढे आले, पर्समधला छोटा आरसा काढला आणि भिंतीकडे पाठ करून त्यात बघितलं. आरशात तो बरा झालेला उंदीर म्हणजे हुबेहूब पहिला उंदीर होता. त्याला कसलं औषध आणि कसलं काय. तो मुळात कधी आजारीच पडला नव्हता. निरोगी उंदराचा फोटो आरशासारखा उलटा करून बरा झालेला म्हणून चिकटवला होता. नखाएवढ्या चित्रात हे कुणाच्या बापाला दिसलं नसतं. स्वतःच्या कौतुकासाठी सरांनी स्वतःच ते भिंतीएवढं केलं आणि पुरावा आपल्या हातानं टांगला.

मला नाचावंसं वाटलं. खरंच सांगते, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

घरी जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, बुडबुडे काय, सगळे सारखेच दिसतात. मी म्हटलं, माझे नाही दिसत. मग त्यानं सुरू केलं: जाऊ दे, म्हातारा माणूस आहे, आता कशाला, इतकी वर्षं झाली. मला वाटलं, ह्याला विभागप्रमुखाच्या खुर्चीची काळजी. चीड आली, पण कळण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी मी फोनवर काढलेले भिंतीचे फोटो जोडून जर्नलला तक्रार पाठवली. नाव विचारत नाहीत ते, निनावी तक्रारही घेतात. मी सही केली: बुडबुडी.

तिथल्या संपादकबाई सभ्य आणि थंड डोक्याच्या निघाल्या. त्यांनी कुणाला चोर म्हटलं नाही, कुणाचा कैवार घेतला नाही. सरांना एवढंच लिहिलं की ह्या दोन चित्रांचे मूळ फोटो पाठवा. बस्स. आणि तिथेच गाडं अडलं. सर म्हणाले कॉम्प्युटर बंद पडला. मग म्हणाले लॅबमध्ये पाणी शिरलं होतं. मग म्हणाले आजारी आहे. बाईंनी प्रत्येक वेळी मनापासून सहानुभूती कळवली आणि पुन्हा मूळ फोटो मागितले. मग त्यांनी संस्थेला चौकशी करायला सांगितलं. संस्थेनं समिती नेमली, समितीत सरांचे मित्र, त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी बाईंनी पेपरच्या डोक्यावर एक ओळ छापली: या पेपरमधल्या चित्रांविषयी शंका आहे, वाचकांनी सावधपणे वाचावा. ती ओळ छापली आणि समारंभ पुढे ढकलला गेला. भिंतीवरचे फोटो मात्र कुणी उतरवले नाहीत, कारण उतरवणं म्हणजे कबूल करणं. रोज सगळा विभाग त्यांच्यासमोरून मान खाली घालून जात होता, असं मला तिथल्या झाडूवाल्या मावशींनी सांगितलं. नवरा सांगत नव्हता.

मग एके दिवशी कामावर असताना संपादकबाईंचं पत्र आलं, माझ्या खऱ्या नावानं. पत्रात लिहिलं होतं की सरांनी माझं नाव घेऊन खुलासा पाठवला आहे. त्यांचं म्हणणं असं की ही सगळी चित्रं त्यांच्या तेव्हाच्या विद्यार्थिनीनं, म्हणजे मी, तयार केली होती. काही चूक झाली असेल तर ती तिची. तिचं नाव लेखकांत नाही, आणि ती संस्था सोडून गेली आहे. यावर आपलं काही म्हणणं आहे का?

दुसरी कुणी असती तर रडली असती. मी खुर्चीतून उठले आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईला मिठी मारली. तिच्या हातातली स्लाइड खाली पडली. अहो, ज्या माणसानं माझं नाव वायरमनच्या खालीसुद्धा लावलं नाही, तोच आज जर्नलला लिहून देत होता की चित्रं माझी आहेत! दोष ढकलायच्या घाईत चोरीच कबूल करून बसला. इतकी वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी तडफडत होते ते सरांनी स्वतःहून, सहीनिशी पाठवलं होतं.

मूळ फोटो माझ्याकडे होते. आईच्या घरी माळ्यावर, जुन्या स्वेटरांच्या खाली, डिस्कवर. मी ते आणले आणि सगळे पाठवले: निरोगी उंदीर बुडबुड्यासकट, आजारी उंदीर, आणि औषध घेतलेला खरा उंदीर, ज्याचं यकृत शेवटपर्यंत सुजलेलंच होतं. लिहिलं, हो, फोटो माझेच. उलटा मी केलेला नाही. आता बघा काय ते.

पाठवल्यावर दोन दिवस मी गाणी म्हणत घरात फिरत होते. सासूबाई म्हणाल्या, कुणाचा काटा काढलास गं? मी म्हटलं, सरांचा. त्या हसल्या. नवरा हसला नाही.

तिसऱ्या दिवशी सर आले. घरी नाही, माझ्या कामाच्या जागी. मी त्यांना इतक्या वर्षांत जवळून बघितलं नव्हतं. कोट ढगळ झाला होता. माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले, माझ्या मायक्रोस्कोपकडे बघितलं, आणि आत्ता म्हणतील बुडबुडी कशी आहेस, असं मला वाटलं. म्हणाले नाहीत. मी मनात भाषण तयारच ठेवलं होतं, अनेक वर्षांचं. ते सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

ते म्हणाले की मी चूक केली. औषध लागू पडावं असं मला मनापासून वाटत होतं, म्हणून मी म्हटलं की चित्रं नीट करून आणा. कशी, ते विचारलं नाही. विचारायचं नव्हतं मला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “पण अगं, मला फोटो फिरवता येतो का? तूच सांग.”

सरांना पत्राला जोडलेली फाइलसुद्धा उघडता येत नसे. मीच उघडून द्यायची. माऊस उलटा धरायचे ते. एकदा फोटो उभा दिसावा म्हणून त्यांनी अख्खा मॉनिटर आडवा पाडला होता, त्यावर आम्ही सगळे महिनाभर हसलो होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सरांवरचा राग इतका भरगच्च होता की त्यात दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. विभागात चित्रं एकच माणूस लावायचा.

सर उठता उठता आणखी म्हणाले की मला इंग्रजी टाइप करता येत नाही, हेही तुला माहीत आहे. तुझ्यावर ढकलणारा तो खुलासा तरी कुणी लिहिला असेल, विचार कर. आणि गेले. मला त्यांची दया यायला हवी होती का? नाही आली. पण पहिल्यांदाच त्यांचा राग येईना, आणि ते जास्त वाईट होतं.

मी अर्धा दिवस रजा टाकून घरी गेले. नवरा लवकर आला होता, बाहेरच्या खोलीत बसला होता. त्याच्या खुर्चीसमोर भिंतीवर आमच्या लग्नाचा मोठा फोटो आहे, म्हणजे होता. सासूबाई दुसऱ्या कोपऱ्यात मटार सोलत होत्या. मी चप्पलसुद्धा काढली नाही. विचारलं, फोटो कुणी फिरवला?

त्यानं शेजारचं वर्तमानपत्र उचललं. मी पुन्हा विचारलं. सासूबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मटाराचा डबा बाजूला ठेवला.

“हा लहानपणापासून असाच,” त्या म्हणाल्या. “काच ह्यानं फोडायची, आणि दुसऱ्या पोराला मार बसेपर्यंत त्याच्याकडे बघत उभं राहायचं.”

तेव्हा कुठे तो बोलला. आधी म्हणाला सरांनी सांगितलं. मग म्हणाला तेव्हा सगळेच करायचे. मी काहीच बोलत नाही असं बघून त्याची भीड चेपली, आणि तो मला समजावायला लागला, विद्यार्थ्याला समजावतात तसा. म्हणाला, जर्नल प्रत्येक लेखकाची सही मागतं. तू त्या चित्रावर सही केली असतीस का? नसतीस केली. सगळा पेपर अडला असता.

“म्हणून तुझं नाव मीच काढलं,” तो म्हणाला. “सरांनी नाही. मी काढलं. आणि बरं झालं ना? आज तू त्यात नाहीस.”

आणि खुलासा, मी विचारलं. तो कुठे बसून लिहिलास? त्यानं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. मी शेजारी झोपले होते म्हणे. वर म्हणाला, त्यात तुझं काय बिघडलं असतं? तू लेखक नाहीस, जर्नल तुला हात लावू शकत नाही. दोष तुझ्यावर गेला असता आणि तिथेच जिरला असता. कुणालाच काही झालं नसतं. तू ती डिस्क काढलीस म्हणून हे सगळं झालं.

हिशोब कसा चोख! ज्या नावाला पेपरवर जागा दिली नाही, त्याच नावावर पेपरचा कचरा टाकायचा. एवढी साफ कारागिरी सरांच्या सात पिढ्यांत कुणाला जमली नसती. पेपर गेला, पीएचडी गेली, ते मी गिळलं होतं, कारण घरी आल्यावर निदान एक माणूस माझ्यासाठी भांडला होता. तो भांडलाच नव्हता. तो रडला ते काय म्हणून रडला, हे आजही मला कळलेलं नाही. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मारावंसं वाटलं. समोर पाण्याचा तांब्या होता, तो मी उचललासुद्धा, आणि सासूबाईंसमोर ठेवला. म्हटलं, आई, पाणी प्या.

संपादकबाईंनी मला शेवटचा प्रश्न पाठवला: आपल्या माहितीप्रमाणे चित्रांची मांडणी कुणी केली होती? नवऱ्यानं ते पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. मग तो गोड झाला. सकाळचा चहा करायला लागला. म्हणाला, सरांनी, असं लिही. ते आता निवृत्तच होतायत, त्यांना काय फरक पडतो? तुलाही तेच हवं होतं ना? घर आपलं आहे, खुर्ची येईल ती आपल्याच घरात येईल. मी चहा प्यायले, कप धुतला, आणि उत्तर लिहिलं. एका ओळीत, त्याचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट. तो बघत होता. पाठवायचं बटण मी त्याच्याकडे बघत दाबलं.

मग जर्नलनं सूचनेचा मसुदा दोन्ही लेखकांना पाठवला. हा त्यांचा रिवाज आहे: पेपर मागे घेतोय, तुम्हाला मान्य आहे की नाही ते कळवा, जे कळवाल ते छापू. सरांनी आधी थयथयाट केला, वकिलाची भाषा वापरली, आणि शेवटी मान्य म्हणून लिहिलं. कुणाकडून टाइप करून घेतलं कोण जाणे. आता राहिला माझा नवरा.

त्याला काही लिहिता येईना. मान्य म्हणावं तर आपल्या हातानं आपला हात कबूल करायचा, अमान्य म्हणावं तर माझी डिस्क आहेच. जर्नलनं आठवण करून दिली. पुन्हा एकदा करून दिली. पत्र आलं की तो फोन पालथा ठेवायचा. मी सरळ सांगितलं होतं: एक शब्द लिही. मान्य. तेवढा एक शब्द लिहिलास तर आपण पुढचं बोलू. मला खरंच म्हणायचं होतं ते. इतकं होऊनही त्यानं तो एक शब्द लिहिला असता, तर मी त्याच्यासमोर बसले असते, भांडले असते, कदाचित वर्षभर भांडले असते, पण बसले असते.

सूचना छापून आली ती मी कामावर वाचली. सगळ्या पानांवर आडवा तांबडा शिक्का, सरांच्या नावावरून, नवऱ्याच्या नावावरून, उंदराच्या यकृतावरून. आणि शेजारी:

“औषध दिलेल्या उंदराचे म्हणून छापलेले चित्र हे निरोगी उंदराच्या चित्राची उलटी प्रत आहे. ही मांडणी दुसऱ्या लेखकाने केली होती. मूळ छायाचित्रे ज्यांनी घेतली त्यांचे नाव लेखकांत असायला हवे होते. ते वगळण्यात आले.” त्यापुढे माझं नाव, माहेरच्या आडनावासकट. बाईंनी विचारलं होतं कसं छापू, तर मी म्हटलं, तेव्हा होतं तसं. आणि शेवटची ओळ: “पहिल्या लेखकास हा निर्णय मान्य आहे. दुसऱ्या लेखकाने जर्नलच्या पत्रांना उत्तर दिले नाही.”

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. माझं नाव छापलं होतं, खणखणीत, आणि मला वाटलं होतं तितका आनंद झाला नाही. पण झाला. थोडाथोडका नाही.

सरांची भिंत उतरवली. समारंभ झालाच नाही, ते मागच्या दारानं गेले म्हणे. विभागप्रमुखाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. नवऱ्याची नोकरी राहिली, पण त्याला आता कुणी विद्यार्थी देत नाहीत आणि कुणी चित्रं लावायला सांगत नाही. माझ्या ओळखीच्या सगळ्या बायका विचारतात, तू वेगळी का झाली नाहीस? माझी बहीण तर फोनवर ओरडते. मी का जाऊ? घर मी मांडलंय.

मी एकच केलं. सभागृहाच्या भिंतीचे फोटो ज्या छापखान्यानं मोठे केले होते, त्याच छापखान्यात गेले. पेपरचं पहिलं पान घेतलं, शिक्क्यासकट, शेजारच्या सूचनेसकट, आणि दरवाजाएवढं करून घेतलं. छापखानेवाला म्हणाला, बाई, ह्यावर तर मागे घेतला असं लिहिलंय, हेच पाहिजे ना? म्हटलं, हेच. लग्नाचा फोटो उतरवला, तो कपाटात ठेवला, आणि त्या खिळ्यावर हे लावलं. नवऱ्याच्या खुर्चीच्या बरोबर समोर.

त्यानं खुर्ची हलवून बघितली. मी परत जागेवर ठेवली. येणारे जाणारे वाचतात. सोसायटीचे सेक्रेटरी आले होते, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत उभे राहिले आणि ज्या कामाला आले होते ते विसरून गेले. गॅसवाला वाचतो. सासूबाई लांबचं दिसत नाही म्हणून एकदा जवळ स्टूल घेऊन बसल्या आणि बोट ठेवून सगळं वाचून काढलं, माझ्या नावावर जरा थांबल्या, मुलाच्या नावावर नाही.

काल संध्याकाळी तो बराच वेळ खुर्चीत बसून होता. मग मला म्हणाला, हे किती दिवस ठेवणार आहेस? त्यानं पुन्हा विचारलं. मी ओट्याकडे वळले.

“ते काढत नाहीत रे,” सासूबाई म्हणाल्या. “आहे तिथेच ठेवतात. जन्मभर.”

मी चहाचं आधण ठेवलं, दोघींपुरतं.